छर्रा, टर्की आणि हलालचा प्रश्न

‘बंदूक’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की तो मुळात हत्याराचा नाही, हे लक्षातच येत नाही. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, बोराएवढं टणक कवचाचं एक फळ. त्याच आकाराच्या मातीच्या वाळवलेल्या गोळीलाही ‘बुंदुक’च म्हणत. ही गोळी मारायचं एक खास धनुष्य असे. त्याच्या दोरीच्या मध्यभागी बाणाऐवजी गोळी धरणारी लहानशी झोळी असे. हिंदुस्थानात ते ‘गुलेल’ म्हणून ओळखलं गेलं आणि मराठीत त्याची ‘गलोल’ झाली. बगदादचा अब्बासी खलीफा अल-नासिर (११८० ते १२२५) याने तर या गोळीने पक्षी टिपण्याच्या खेळाला फुतुव्वा म्हणजे जवानमर्दीच्या संघटनांमध्ये मानाचं स्थान दिलं होतं आणि त्याचे रीतसर नियम ठरवले होते. पुढे दारू आली, लोखंडी नळी आली. नव्या हत्याराला नाव मात्र जुन्या गोळीचंच मिळालं.

मला हे नामकरण फार अर्थपूर्ण वाटतं. नळी, दस्ता, घोडा या साऱ्यांकडे आपलं लक्ष जातं, पण सावजापर्यंत पोचते ती फक्त गोळी. सावज कसं मरणार, लगेच की तीन दिवसांनी झुडपात कण्हत, हे तीच ठरवते. म्हणून या लेखात बंदुकीच्या इतिहासाऐवजी छर्र्याचा, आणि तोही एका विशिष्ट पक्ष्याच्या शिकारीसाठी निवडलेल्या छर्र्याचा, इतिहास सांगणार आहे. तो पक्षी म्हणजे अमेरिकेतला रानटी टर्की.

परक्याचं नाव धारण केलेला पक्षी

टर्की मूळचा उत्तर अमेरिकेचा. मेक्सिकोतल्या लोकांनी तो फार पूर्वीच पाळीव केला होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि मग त्याच्या नावाचा गोंधळ सुरू झाला. तुर्कांच्या मुलखातून येणाऱ्या गिनी कोंबडीशी घोळ करून इंग्रजांनी त्याला ‘टर्की’ म्हटलं. खुद्द तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंच नावाचा अर्थही ‘हिंदुस्थानची’ असाच होतो, आणि डचांनी तर आपल्या कालिकतचंच नाव त्याला चिकटवलं. मिसरमध्ये तो ‘दीक रूमी’, म्हणजे रूमचा कोंबडा. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. देश चुकला असला तरी त्यांचा गोलार्ध तेवढा बरोबर आहे.

हा पक्षी मोगल दरबारात पोचला तो आपल्या गोव्यातून. बादशहा जहांगीरने मुकर्रब खानाला दुर्मीळ वस्तू खरेदी करण्यासाठी गोव्याला पाठवलं होतं. १६१२ मध्ये तो परतला तेव्हा त्याने आणलेल्या प्राण्यांमध्ये एक टर्की होता. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात त्याचं वर्णन बारकाईने केलं आहे. लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान, माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचणारा, आणि डोकं व मान कधी पोवळ्यासारखी लाल, कधी कापसासारखी पांढरी, तर कधी फिरोज्यासारखी निळी करणारा. चोचीवरून लोंबणाऱ्या मांसाच्या तुकड्याची तुलना त्याने हत्तीच्या सोंडेशी केली आहे. पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण त्यांची चित्रं बहुधा काढून घेतली नाहीत, याची नोंद करून त्याने आपल्या चित्रकारांना कामाला लावलं. उस्ताद मन्सूरने काढलेलं या टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

जहांगीरने टिपलेली ती लाल, पांढरी, निळी मान लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

एका प्रश्नात दोन प्रश्न

माझा एक मावसभाऊ बरीच वर्षं अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात राहतो. तिथे एप्रिलमध्ये टर्कीच्या शिकारीचा हंगाम असतो. त्याच्या कामावरचे सहकारी त्याला जंगलात घेऊन जाणार होते. त्याने फोन करून विचारलं, “भाईजान, छर्र्याने पडलेला पक्षी आपल्याला चालतो का?” आणि मग थोडं थांबून, “इथे सगळे चार नंबर घ्यायचा की सहा, यावर वाद घालत असतात. त्यातलं काही कळत नाही.”

पहिला प्रश्न फिकहचा, दुसरा दुकानदाराला विचारायचा, असं वरकरणी वाटतं. दोन्हींच्या मागे लागलो तेव्हा दिसलं की दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. आधी दुसरा प्रश्न घेऊ.

टर्की हा मोठा आणि दणकट पक्षी आहे. छातीवर जाड स्नायू, त्यावर पंखांची आणि पिसांची ढाल. अंगावर छर्रे बसले तर तो बहुधा पडत नाही. तो पळतो किंवा उडतो आणि कुठेतरी दूर जाऊन मरतो. म्हणून टर्कीच्या शिकारीचा पहिला धडा असा की नेम धरायचा तो डोक्यावर आणि मानेवर. पण मेंदू आणि मानेचे मणके मिळून जो जीवघेणा भाग होतो तो अगदी अरुंद असतो, आणि पक्षी मान सतत हलवत असतो. तिथे एकच मोठी गोळी बसवणं कठीण. त्याऐवजी खूप छर्रे एकत्र, दाट झुबक्याने गेले तर त्यातले चार-पाच तरी नेमके बसतात.

इथे अडचण सुरू होते. छर्रे जितके बारीक तितके ते एका काडतुसात जास्त मावतात, म्हणजे झुबका दाट. पण बारीक छर्रा हलका असतो, हवेत लवकर मंदावतो आणि हाडात शिरत नाही. जाड छर्रा खोल शिरतो, पण संख्येने कमी असल्याने झुबक्यात भोकं राहतात आणि नेमकी मान त्या भोकातून सुटू शकते. दाटी आणि खोली या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. छर्र्याचा नंबर निवडणं म्हणजे या दोघींमधला तोडगा काढणं.

अमेरिकेतले नंबर उलटे चालतात. नंबर मोठा, छर्रा लहान. सोपा हिशेब असा की १७ मधून नंबर वजा केला की छर्र्याचा व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत मिळतो. ४ नंबर म्हणजे ०.१३ इंच, सुमारे ३.३ मिलिमीटर. ६ नंबर म्हणजे ०.११ इंच, सुमारे २.८ मिलिमीटर. शिशाच्या एका औंसात ४ नंबरचे सुमारे १३५ छर्रे बसतात, ५ नंबरचे सुमारे १७० आणि ६ नंबरचे सुमारे २२५. इंग्रजी पद्धतीत त्याच नंबराचा छर्रा थोडा बारीक असतो. त्यामुळे इंग्रजी परंपरेतली काडतुसं पाहिलेल्या माणसाचा ६ नंबर आणि अमेरिकेतला ६ नंबर एक नव्हे.

शिशाच्या जमान्यात टर्कीसाठी ४, ५ आणि ६ हे तीनच नंबर प्रचारात टिकले, ते या हिशेबामुळे. आणि जाणता शिकारी नंबरावरही विसंबत नाही. हंगामाआधी तो ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३६ मीटरवर, कागद लावतो, एक बार काढतो आणि १० इंचांच्या वर्तुळात किती छिद्रं पडली ते मोजतो. शंभर पडली तर तेवढ्या अंतरापर्यंत आपली बंदूक आणि आपलं काडतूस भरवशाचं, असा ठोकताळा आहे. कमी पडली तर आणखी जवळ येईपर्यंत बार काढायचा नाही. तोच नंबर एका नळीतून दाट जातो आणि दुसरीतून विस्कटतो. नळीच्या तोंडाशी असलेलं आकुंचन, ज्याला चोक म्हणतात, ते किती आहे यावरही बरंच अवलंबून असतं. म्हणून हे ज्याचं त्याने करून पाहायचं.

गोल छर्रा कुठून आला

असा मोजूनमापून हिशेब करता येतो, कारण छर्रे एकसारखे आणि गोल असतात. ते नेहमीच तसे नव्हते. शिशाचा पत्रा कापून केलेले ओबडधोबड तुकडे वेडेवाकडे उडत. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात प्रिन्स रूपर्टची एक कृती नोंदवली आहे. वितळलेल्या शिशात हरताळ, म्हणजे आर्सेनिकयुक्त खनिज, मिसळून ते चाळणीतून पाण्यात सोडायचं. आर्सेनिकामुळे थेंब गोल व्हायला मदत होते. पण चाळणी पाण्याच्या अगदी जवळ असल्याने छर्रे पुरते गोल होत नसत.

त्याचा तोडगा काढला इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या विल्यम वॉट्स नावाच्या प्लंबरने. घराच्या माथ्यावर मनोरा चढवून आणि खाली खोदकाम करून त्याने थेंबाला पडायला उंची दिली. पडता पडता थेंब स्वतःच्या पृष्ठताणाने गोल होतो, थंड होऊन कडक होऊ लागतो आणि पाण्यात पडेपर्यंत छर्रा तयार झालेला असतो. १७८२ मध्ये त्याने या युक्तीचं पेटंट घेतलं. पावसाचा थेंब ज्या नियमाने गोल होतो, त्याच नियमाने मरणाचा दाणा गोल होऊ लागला.

पुढे हे मनोरे अमेरिकेतही उभे राहिले. १८०८ मध्ये फिलाडेल्फियात आणि १८२८ मध्ये बाल्टिमोरला. बाल्टिमोरचा फिनिक्स मनोरा २३४ फूट उंच असून तो आजही उभा आहे. बरीच वर्षं ती त्या देशातली सर्वांत उंच इमारत होती. तयार छर्रे उतरत्या फळीवरून सोडत. गोल छर्रा सरळ घरंगळत पुढे जाई, वाकडा मध्येच बाजूला पडे आणि पुन्हा भट्टीत जाई. मग चाळण्यांनी नंबर वेगळे काढत. छर्र्याला नंबर मिळाला तो असा.

खडा, काठी आणि शिसं

आता पहिल्या प्रश्नाकडे वळतो.

हदीसच्या ग्रंथांत अब्दुल्लाह बिन मुगफ्फल (रजि.) यांची एक रिवायत आहे. बोटांच्या चिमटीतून खडे मारण्याला पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी मनाई केली. कारण दिलं ते असं की अशा खड्याने ना शिकार होते, ना शत्रूला इजा होते, मात्र कुणाचा दात पडतो, कुणाचा डोळा फुटतो. लहानपणी मदरशात ही हदीस ऐकली तेव्हा ती मुलांच्या खोडीबद्दल आहे असं वाटायचं. टर्कीच्या शिकारीची माहिती वाचताना मला ती वेगळ्या अर्थाने दिसू लागली. जे काम पुरं करत नाही, फक्त जखम करतं, ते हत्यार उचलू नये, असं तत्त्व तिच्यात आहे. ४० यार्डांवर फार बारीक शिशाचा छर्रा मारणारा शिकारी नेमकं हेच करतो. पक्षी मरत नाही, त्याचा डोळा जातो.

दुसरी रिवायत आहे अदी बिन हातिम (रजि.) यांची. दानशूर हातिम ताईचे हे पुत्र, स्वतः शिकारी. त्यांनी ‘मिअराद’बद्दल विचारलं. मिअराद म्हणजे फेकून मारायचा जड दांडा किंवा बिनपिसांचा बाण. उत्तर मिळालं की तो टोकाने भोसकून सावज मेलं तर खा, आडवा आदळून मेलं तर खाऊ नका, कारण ते ठोकून मारलेलं जनावर झालं. कुराणाच्या सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत जी मुरदार जनावरं हराम ठरवली आहेत, त्यांत ‘मौकूजा’ म्हणजे असं ठोकून मेलेलं जनावरही आहे. मातीच्या गोळीने, म्हणजे त्या जुन्या ‘बुंदुक’ने मेलेल्या पक्ष्याबद्दल अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचं मत इमाम बुखारींनी नोंदवलं आहे. तेही मौकूजाच, असं ते म्हणत.

मग शिशाची गोळी आली आणि वाद उभा राहिला. गोळी ठोकते की भोसकते? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दमिश्कचे हनफी फकीह इब्ने आबिदीन यांनी लिहिलं की शिशाची जखम धार नसताना, केवळ जोराच्या धक्क्याने आणि दाहाने होते, म्हणून असं सावज हलाल नाही. त्याच काळात येमेनमध्ये इमाम शौकानी यांनी उलट मत दिलं. बंदुकीची गोळी अंगात शिरते, आरपार जाते, हदीसमधली भोसकण्याची अट ती पुरी करते, म्हणून बिस्मिल्लाह म्हणून झाडली असेल तर हलाल. मालिकी पंथातल्या उलेमांनीही अशा शिकारीला परवानगी दिली आहे. आपल्याकडचे बहुतेक हनफी आलिम इब्ने आबिदीन यांच्या बाजूने आहेत. सावज जिवंत सापडलं आणि जबह केलं तरच हलाल, असं ते सांगतात.

या वादात कोण बरोबर हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. पण वादाचा कणा काय आहे ते पाहा. दोन्ही बाजू एकच गोष्ट विचारत आहेत: ही वस्तू सावजाच्या अंगात शिरते, की बाहेरून मार देते? छर्र्याचा नंबर निवडणारा मिसुरीतला शिकारीही तेच विचारत असतो. त्याचा शब्द वेगळा, चिंता तीच.

भावाला मी एवढंच सांगितलं की तू ज्या मसलकवर चालतोस त्याच्या आलिमला विचार. पण हनफी मतावर चालणाऱ्यासाठी यात एक खड्डा आहे, तो मात्र त्याला दाखवला. नेम अचूक बसला तर पक्षी जागीच मरतो आणि त्या मतानुसार खाता येत नाही. मग जबह करण्यापुरता तो जिवंत राहावा म्हणून मुद्दाम अर्धवट जखमी करायचा, हा विचार कुणाच्याही मनात येऊ शकतो. तो सर्वांत वाईट मार्ग आहे. शद्दाद बिन औस (रजि.) यांच्या हदीसमध्ये प्रत्येक कामात एहसान, म्हणजे उत्तमता सांगितली आहे. जबह करतानाही सुरीला धार लावायची आणि जनावराला त्रास होऊ द्यायचा नाही. हलालचं एक कलम पाळण्यासाठी दुसरं मोडायचं, याला मी तकवा म्हणणार नाही. ज्याला जागीच पडलेला पक्षी चालत नाही, त्याने बंदूक घरी ठेवावी आणि टर्की हलाल दुकानातून आणावा.

मोठ्या छर्र्याला मनाई

छर्रा फार लहान नको, हे तर झालं. तो फार मोठाही नको, हे कायदा सांगतो. मिसुरीत टर्कीसाठी ४ नंबरपेक्षा जाड छर्रा वापरायला मनाई आहे, आणि इतर अनेक राज्यांतही अशी मर्यादा आहे. त्यामागे एक कारण माणसाचा जीव हे आहे.

वसंतातली टर्कीची शिकार विचित्र असते. शिकारी झाडाला पाठ लावून, झाडोऱ्यात मिसळणारे कपडे घालून बसतो आणि लाकडी पेटी किंवा पाटीचा दगड घासून मादीचा आवाज काढतो. तो ऐकून नर येतो. पण तो ऐकून दुसरा शिकारीही येऊ शकतो. झुडपात काही लाल, पांढरं किंवा निळं हललं की त्याला नराची मान दिसल्याचा भास होतो. जहांगीरने पाहिलेले तेच तीन रंग. म्हणून तिथे शिकाऱ्यांना हे रंग अंगावर, अगदी रुमालातही, न ठेवण्याची ताकीद दिली जाते. अशा जंगलात जाड छर्रा फार दूर जातो. जुना ठोकताळा असा की इंचातल्या व्यासाला २२०० ने गुणलं की छर्रा जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते कळतं. ४ नंबर सुमारे २८६ यार्ड जातो, तर हरणाचा ०.३३ इंचाचा मोठा छर्रा ७२६ यार्ड. झाडीपलीकडे कोण बसलं आहे हे दिसत नसताना हा फरक फार मोठा आहे.

जवळजवळ संपलेला पक्षी

हे नियम हौसेने आलेले नाहीत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी जंगलं तोडली आणि बाजारासाठी बारा महिने टर्की मारले. हंगाम नाही, मर्यादा नाही, नर-मादी हा भेद नाही. कनेटिकटमधून तो १८१३ च्या सुमारास संपला, मॅसॅच्युसेट्समध्ये १८५१ मध्ये. १९३० च्या दशकापर्यंत अख्ख्या देशात दोन लाखांपेक्षा कमी टर्की उरले होते. मिसुरीने १९३७ मध्ये शिकार बंद केली.

त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने पिटमन-रॉबर्टसन कायदा केला. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवायचा, असा तो कायदा. म्हणजे प्रत्येक छर्र्यामागे काही पैसे पक्ष्याच्या खात्यात जमा होऊ लागले. सुरुवातीला पिंजऱ्यात वाढवलेले टर्की रानात सोडण्याचे प्रयोग झाले आणि ते फसले. त्या पक्ष्यांना रान ठाऊकच नव्हतं. मग १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलायनात तोफेसारख्या नळ्यांनी जाळं उडवून रानटी टर्कीचे थवेच्या थवे जिवंत पकडण्याचं तंत्र यशस्वी झालं. तिथून ते रिकाम्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. मिसुरीत १९६० मध्ये तीन दिवसांचा हंगाम पुन्हा उघडला, फक्त नरांसाठी. या शतकाच्या सुरुवातीला देशातली संख्या साठ लाखांच्या पुढे गेली होती.

नळीतून उडणाऱ्या छर्र्यांनी संपत आलेला पक्षी नळीतून उडणाऱ्या जाळ्यांनी परत आणला, आणि तोही बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्याच पैशाने. शिकारीचा तिटकारा असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. शिकारीचा अभिमान असणाऱ्यांनी पहिला अर्धा भाग विसरू नये.

शिशाचं विष

गोष्ट इथे संपत नाही. न लागलेला छर्राही कुठेतरी पडतोच. तळ्याच्या तळाशी पडलेले शिशाचे छर्रे बदकं खडे समजून गिळत आणि विषबाधेने मरत. मेलेली बदकं खाणारे गरुडही मरत. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाच्या छर्र्यावर देशभर बंदी आली. कॅलिफोर्नियात, जिथे शिशाचे तुकडे असलेलं मांस खाऊन कॉन्डर गिधाडं मरत होती, २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाचा दारूगोळा चालत नाही.

शिशाऐवजी पोलाद आलं, पण ते हलकं. शिशाची घनता ११ च्या आसपास, पोलादाची ७.८. छर्रा किती खोल शिरेल याचा कच्चा अंदाज घनता आणि व्यास यांच्या गुणाकारावरून येतो. शिशाच्या ४ नंबरसाठी हा गुणाकार ३६ च्या पुढे जातो, पोलादाच्या ४ नंबरसाठी २६ च्या आत राहतो. म्हणून पोलाद घ्यायचं तर नंबर जाड घ्यावा लागतो, आणि मग दाटी जाते. आता टंगस्टनचा छर्रा आला आहे, घनता १८. त्याचा ९ नंबर, फक्त २ मिलिमीटरचा दाणा, शिशाच्या ४ नंबरइतका खोल शिरतो आणि एका औंसात साडेतीनशेच्या वर मावतो. दाटी आणि खोली यांचं जुनं भांडण बरंचसं मिटलं. किंमत मात्र भरमसाट. शिवाय नवा मोह आला: ४० यार्डांचं बंधन सोडून ६०-७० यार्डांवर बार काढायचा. छर्रा सुधारला की माणसाचा संयमही सुधारतो, असा काही नियम नाही.

मोजणारा बादशहा

या ठिकाणी मला पुन्हा जहांगीर आठवतो. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंतच्या शिकारीचा त्याने हिशेब काढायला लावला. त्याच्या समक्ष २८,५३२ सावजं पडली होती, त्यांतली १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने मारली होती. ज्या माणसाने टर्कीच्या मानेवरचे रंग इतक्या प्रेमाने टिपले, त्याचाच हा आकडा. पन्नाशीनंतर बंदुकीने कुठलाही जीव मारणार नाही, असा नवस त्याने केला होता. नातू शुजा आजारी पडला तेव्हा त्याने तो अमलात आणला. पुढे तो पाळला गेला नाही, तो भाग वेगळा. पण आपण किती जीव घेतले हे मोजायला लावणारा आणि मोजल्यानंतर अस्वस्थ होणारा शिकारी मला न मोजणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दार बंद झालं. ते योग्यच झालं. आजोबांच्या पिढीतली एलजी, एसजी, चार नंबर, सहा नंबर ही भाषा आता फक्त जुन्या माणसांच्या तोंडी उरली आहे. पण जीव घेण्याचा प्रश्न आपल्यापुरता संपलेला नाही. तो फक्त कसायाच्या दुकानात आणि कोंबडीच्या जाळीच्या पिंजऱ्यात सरकला आहे. तिथे सुरीला धार आहे का, एका जनावरासमोर दुसरं कापलं जातं का, पिंजऱ्यात पाणी आहे का, हे आपल्यातले किती जण विचारतात? पाटीवर ‘हलाल’ लिहिलेलं असलं की आपलं समाधान होतं.

कागदावरची छिद्रं मोजणारा तो मिसुरीतला शिकारी बहुधा मुसलमान नसतो. त्याने शद्दाद बिन औस यांचं नावही ऐकलेलं नसतं. तरीही आपल्या हातून मरणाऱ्या पक्ष्याला एका क्षणात मरण यावं म्हणून तो आधी तयारी करतो, आणि खात्री नसेल तर घोड्यावरचं बोट काढून घेतो. एहसान म्हणजे काय हे समजावून सांगायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.